शेती, जमीन आणि गावातला पैसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीत गटसचिव म्हणून सव्वीस वर्षं काढली. आता घरची पाच एकर बघतो, बार्शी तालुक्यात, बालाघाटाच्या बाजूला. दिवाळीत आणि मे महिन्यात पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, भाचे-पुतणे येतात आणि ओसरीवर बसून दरवर्षी तेच प्रश्न विचारतात. काही प्रश्न तर गावातली नवी पोरंही विचारतात, कारण घरात त्यांना कुणी बसवून सांगितलेलं नसतं. म्हणून उत्तरं इथं लिहून ठेवतोय. उदाहरणं आमच्या भागातली, म्हणजे सोयाबीन, तूर, ज्वारीच्या कोरडवाहू पट्ट्यातली. कोल्हापूरच्या उसाचा किंवा कोकणातल्या भाताचा हिशेब वेगळा असतो.

गावात पैसा नसतोच का?

असतो. दसरा ते दिवाळी गावात एवढा पैसा फिरतो की मोटारसायकलवाल्या शोरूमची दिवाळी आमच्याआधी होते. अडचण वेगळी आहे. पैसा लागतो मे-जूनमध्ये: नांगरट, बी, खत, त्याच महिन्यात पोरांची फी आणि उन्हाळ्यात झालेल्या लग्नाची उरलेली देणी. पैसा येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, एकदाच, आणि तोही सगळ्यांचा माल एकदम बाजारात उतरल्यामुळे भाव पडलेला असताना. मधले पाच महिने कुणीतरी सांभाळून घ्यावं लागतं. तो ‘कुणीतरी’ कोण आणि त्याचे तो काय घेतो, हे ज्याला कळलं त्याला गावाचा व्यवहार कळला. खालचे बहुतेक प्रश्न फिरून इथंच येतात.

एका एकरात सुटतं तरी किती?

माझ्या वहीतला २०२४ च्या खरिपाचा हिशेब देतो. एक एकर सोयाबीन.

नांगरट २,२००. रोटाव्हेटर १,३००. बियाणं तीस किलो, २,९००. डीएपी खताचं एक पोतं १,३५०. ट्रॅक्टरची पेरणी १,०००. तणनाशक आणि ते मारणाऱ्याची हजेरी मिळून १,१००. इथपर्यंत ९,८५० झाले आणि पीक अजून वीतभरसुद्धा नाही. पुढं दोन फवारण्या २,४००, बायकांची खुरपणी १,६००, काढणी उक्ती दिली ती ४,२००, मळणी क्विंटलला २५० प्रमाणे २,०००, वाहतूक-हमाली-तोलाई ७००. एकूण २०,७५०.

माल झाला आठ क्विंटल. आमच्याकडं एवढा झाला तर वर्ष बरं गेलं म्हणायचं. भाव मिळाला ४,१५०. पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, आली ३३,२०० ची. उरले १२,४५०. यात माझी आणि घरच्या बाईमाणसांची पाच महिन्यांची राबणूक धरलेली नाही, जमिनीचं भाडं धरलेलं नाही. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता. त्या भावानं विकलं असतं तर ५,९३६ रुपये जास्त आले असते, म्हणजे शिल्लक जवळजवळ दीडपट. मग का नाही विकलं? हमीभावाच्या खरेदी केंद्रावर ओलावा जास्त भरला, नंबर उशिरा लागणार होता आणि खतवाल्याला दिवाळीआधी पैसे देण्याचा शब्द दिला होता. तिन्ही कारणं खरी. पण खरं अडलं ते तिसऱ्यावर.

गुंठा, एकर, हेक्टर, आर… नक्की काय धरायचं?

एकराचे ४० गुंठे. हेक्टर म्हणजे अडीच एकराला थोडं कमी, २.४७. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहितात. आर आणि गुंठा जवळपास सारखेच, त्यामुळे बोलताना लोक आरलाच गुंठा म्हणतात. १.२० दिसलं तर एक हेक्टर वीस आर, म्हणजे तीन एकरांच्या आसपास. ‘एक पूर्णांक वीस एकर’ असं वाचून विसार देऊन बसलेला एक पाहुणा मी पाहिलाय. त्याचा फायदाच झाला, पण दरवेळी होईल असं नाही.

सातबारा नावावर आहे, म्हणजे जमीन माझी झाली ना?

बहुतेक वेळा हो, पण कारण तुम्हाला वाटतं ते नाही. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद, दोन्ही एका पानावर म्हणून सात-बारा. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, बस्स. मालकी खरेदीखतानं, वाटणीपत्रानं, वारसानं येते आणि फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, होऊन सातबाऱ्यावर चढते. आपल्या सगळ्या गटांचं, म्हणजे जमिनीच्या नंबरांचं, एकत्र क्षेत्र बघायचं तर आठ-अचा उतारा काढा. आणि नाव वाचून कागद खाली ठेवू नका, ‘इतर अधिकार’चा रकाना वाचा. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाचं म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं नाव, सगळं तिथं असतं. घरभाऊ कोर्टात जातात ते बहुतेक त्याच रकान्यातल्या एका ओळीवरून.

जमिनी इतक्या लहान कशा झाल्या?

वाटण्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागरची पाहणी करून १९१७ साली प्रसिद्ध केली. त्यांनी जुन्या दप्तरातून काढलं की १७७१ मध्ये त्या गावात खातेदाराकडं सरासरी ४० एकर जमीन होती, १८१८ मध्ये साडेसतरा, आणि त्यांच्या काळी उरली होती ७ एकर. म्हणजे ‘आमच्या आजोबांच्या वेळी जमिनी मोठ्या होत्या’ हे आजोबाही म्हणतच होते. आज पिंपळे सौदागरात टॉवर उभे आहेत, तिथं आता एकर नाही, स्क्वेअर फूट मोजतात.

अख्ख्या राज्याचं बघायचं तर कृषी गणनेप्रमाणे १९७०-७१ मध्ये सरासरी खातं ४.२८ हेक्टरचं होतं, २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरचं. साडेदहा एकरांवरून सव्वातीनवर.

आकड्यात एक गोष्ट दिसत नाही. वाटणी होताना पाच एकराचा सलग अडीच-अडीचचा तुकडा पडत नाही. दोघा भावांना काळीत हिस्सा हवा, मुरमाडीत हवा, विहिरीजवळ हवा. मग प्रत्येक गट उभा चिरतात. माझ्या चुलत्यांच्या वाटणीत एक पट्टा असा पडला की ट्रॅक्टर शिरला तर वळायला शेजाऱ्याच्या रानात जावं लागतं. शेजारी सख्खा भाऊ. दोघांचं बोलणं नाही, म्हणून तो पट्टा अजून बैलानं नांगरतात, आणि बैल गावात आता दोनच जोड्या उरलेत. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे अशी किमान मर्यादा ठरवली. कागदावर त्याखाली तुकडा पडत नाही, रानात बांध मात्र पडतोच.

बहिणीचा हिस्सा?

आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून, देशभर २००५ पासून मुलगी जन्मानं हिस्सेदार आहे. गावात काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे: हक्कसोडपत्र, वर एक साडी, आणि ‘माहेर तुटायला नको’ हे वाक्य. गटसचिव म्हणून मी असे कागद किती पाहिले त्याची मोजदाद नाही. मला ते कधीच बरं वाटलं नाही, एवढंच लिहितो.

बटई, खंड, गहाण यांत फरक काय?

बटईत जमीन मालकाची, राबणं बटईदाराचं आणि माल निम्मा-निम्मा. बी-खताचा खर्च कुणी किती घालायचा हे गावोगाव वेगळं. आमच्याकडं पूर्वी सगळा खर्च बटईदाराचा असायचा, आता खर्चही अर्धा-अर्धा, कारण कसायला माणूसच मिळत नाही. खंडानं म्हणजे एकरी ठरलेली रक्कम. ती गुढीपाडव्याला आगाऊ घेतात, पीक येवो न येवो. गहाणवटीत उलटा हिशेब: पैसे शेतकऱ्यानं घेतलेले असतात आणि ते फिटेपर्यंत जमीन पैसेवाला कसतो. पीक हेच व्याज.

पाडव्याला आगाऊ खंड देणारा माणूस कोण असेल, विचार करा. ज्याच्याकडं मार्च-एप्रिलमध्ये रोकड आहे तो. भूमिहीन माणूस बटई करतो, ज्याच्याकडं आधीच ट्रॅक्टर आहे तो खंडानं घेतो. दोघं एकाच बांधाला असले तरी एकाची शेती वाढत जाते आणि दुसऱ्याची दरवर्षी नव्यानं सुरू होते.

बटईदाराचं नाव कुठंच का नसतं?

कूळ कायद्याची भीती. मुंबई प्रांताचा कायदा १९४८ चा, त्यात पुढं दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला जो कसत होता तो मालक मानला गेला. शेजारच्या मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५० चा वेगळा कायदा होता. या कायद्यांनी हजारो कुळांना जमीन मिळाली आणि ते फार मोठं काम झालं, यात मला शंका नाही. पण तेव्हापासून जमीनवाल्याच्या मनात बसलंय की कागदावर नाव आलं की जमीन गेली. म्हणून बटई तोंडी, एका वर्षाची, आणि सलग तीन वर्षं एकाला द्यायची नाही असा अलिखित नियम.

त्याची किंमत बटईदार मोजतो. पीककर्ज सातबाऱ्यावर मिळतं, त्याला मिळत नाही. गारपिटीची भरपाई सातबाऱ्यावाल्याच्या खात्यात जाते. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याचे नमो योजनेचे ६,०००, तेही मालकाला, तो पुण्यात कंपनीत असला तरी. २०२० मध्ये अतिवृष्टीनं सोयाबीन सडलं तेव्हा आमच्या गल्लीतला एक बटईदार मालकाच्या दारात तीनदा जाऊन आला. भरपाईतले निम्मे मिळाले, पण उपकार म्हणून मिळाले. आणि ज्याला बँकेचं दार बंद, तो मधले पाच महिने कुणाकडं जाणार? खतवाल्याकडं, बाजारात माल विकून देणाऱ्या आडत्याकडं, नाहीतर हातउसन्यावाल्याकडं.

सोसायटीचं कर्ज शून्य टक्क्यानं मिळतं, मग शेतकरी रडतो कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारलाय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी रचना. गावात विविध कार्यकारी सोसायटी, तिच्यावर जिल्हा बँक, तिच्यावर राज्य बँक. एकराला किती कर्ज द्यायचं हे पिकाप्रमाणे जिल्ह्याची समिती ठरवते. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा दर ७ टक्के. वेळेवर फेडलं तर केंद्राची ३ टक्क्यांची सवलत, आणि उरलेला बोजा राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून उतरतो. हिशेबानं शून्य. १९५४ साली ग्रामीण पतपुरवठ्याच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के होता आणि सावकारांचा ७० टक्क्यांच्या घरात. तिथून इथपर्यंत येणं ही साधी गोष्ट नाही. सोसायटीला नावं ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता ‘वेळेवर’ या शब्दाकडं या. वेळेवर म्हणजे मार्चअखेर. माल विकला दिवाळीत. पैसे गेले खतवाल्याला, मळणीवाल्याला, किराणा दुकानात, दवाखान्यात, मुलीच्या लग्नाला. मार्चमध्ये दीड लाख एकरकमी कुठून आणायचे? मग होतं ते नवं-जुनं. जुनं कर्ज भरायचं, नवं उचलायचं. मधल्या दिवसांपुरते पैसे कुणाकडून तरी घ्यायचे, नवं कर्ज खात्यावर आलं की त्याला परत करायचे.

मार्चचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या ऑफिसात जत्रा. एक गृहस्थ बाहेरच्या पायरीवर बसलेला असायचा, खिशात छोटी डायरी. आत कधी यायचा नाही. एकाच आठवड्यात त्यानं अकरा खाती फिरवलेली मला माहीत आहेत: सोमवारी एकाला दिलेले गुरुवारी परत आले की शुक्रवारी दुसऱ्याला. लाखाला दोन हजार, दिवस कितीही लागोत. दीड लाखाला तीन हजार. म्हणजे शून्य टक्क्याच्या कर्जाला दोन टक्के पडले, आणि ते घेतले पायरीवरच्या माणसानं. तेही सगळं सुरळीत झालं तर. एका वर्षी वरून पैसेच आले नाहीत, नवं कर्ज दीड महिना लांबलं. पायरीवरच्या माणसानं मग ‘शेकडा तीन’ लावलं. शेकडा तीन म्हणजे शंभराला महिन्याला तीन, वर्षाचे छत्तीस. लोक मला शिव्या घालत होते आणि माझ्या हातात रजिस्टरशिवाय काही नव्हतं.

बघा, या सगळ्या फेऱ्यात शेतात एक रुपया नवा आला का? नाही. दहा वर्षांपूर्वी उचललेले दीड लाख कागदावरच फिरतायत. ते कधीच विहिरीत, नाहीतर लग्नात गेले. पण सोसायटीच्या रजिस्टरात दरवर्षी वसुलीही दिसते आणि वाटपही दिसतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, शेतीला केवढा पतपुरवठा होतोय.

माझं मत विचारलंत तर फेडीची तारीख मार्चच्या ऐवजी पिकाला बांधली असती आणि दोन हप्ते दिले असते, तर पायरीवरचा माणूस निम्म्यानं कमी झाला असता. हे मी बैठकांत बोललो. चहा झाला.

कर्जमाफीनं काही फरक पडतो का?

ज्याची माफ होते त्याला पडतो, नक्की पडतो. २००८ ची केंद्राची, २०१७ ची राज्याची दीड लाखापर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची, तिन्हींच्या याद्या मी केल्यात. माफी थकबाकीदाराला मिळते. पायरीवरून उसने घेऊन नवं-जुनं करणारा मात्र कागदावर नियमित. २०१९ च्या योजनेत नियमितांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन होतं, ते २०२२ मध्ये मिळालं. दोन लाखांची माफी आणि ५० हजारांचं प्रोत्साहन शेजारी-शेजारी राहतात तेव्हा पुढच्या मार्चला पायरी चढायची की घरीच बसायचं, याचा विचार माणूस करतोच. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

सावकार अजून आहे का?

धोतर नेसून वही घेऊन बसणारा गेला. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांतून कर्जखतं काढून जाळली, ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं आणि १८७९ मध्ये इंग्रज सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. त्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर होता, हे मला फार सूचक वाटतं.

आजचा सावकार शिक्षक असू शकतो, निवृत्त फौजदार असू शकतो, रस्त्याला जमीन गेलेला शेतकरीही असू शकतो. कर्जखत तो करतच नाही, खरेदीखत करून घेतो. दोन लाख हवेत? एक एकराची खुशखरेदी नोंदवून दे, पैसे दिलेस की उलट खरेदी करून देतो. ‘उलट खरेदी’ तोंडी असते. तीन वर्षांत भाव चौपट झाला की तोंडचा शब्द विरतो. २०१४ च्या सावकारी कायद्यात विनापरवाना सावकारीत अशी गेलेली जमीन परत मिळवायची वाट आहे, जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो. पण व्यवहार सावकारीतलाच होता हे दाखवावं लागतं, म्हणून पैसे रोख घेऊ नका, खात्यावर घ्या, व्याज दिलंत तेही खात्यावरून द्या. एवढं केलेले लोक सुटलेले पाहिलेत.

कृषी सेवा केंद्रवाला आणि आडत्या उधार का देतात?

कारण त्यांना पीक ओळखता येतं. बँकेला सातबारा लागतो, दुकानदाराला माणूस कळतो. जूनमध्ये खत उधार, पैसे सुगीला. व्याज म्हणून तो काही लावत नाही, पण रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा, आणि कुठलं औषध मारायचं हेही मग तोच ठरवतो. आडत्याची उचल तशीच: मुलाच्या ॲडमिशनला वीस हजार दिले, तर माल त्याच्याच पेढीवर लागणार. भाव पटला नाही म्हणून पोती उचलून शेजारच्या पेढीवर नेणं कायद्यानं मोकळं आहे, पण तोंडानं कसं न्यायचं?

हे लोक वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. रात्री अकराला साप चावलेल्या माणसाला बार्शीला न्यायला गाडी आणि पाच हजार रुपये आडत्यानंच दिले होते. बँक तेव्हा बंद होती.

माल घरात ठेवून भाव आल्यावर विकायला काय होतं?

ठेवायला वखार आहे. बाजार समितीची शेतमाल तारण योजनाही जुनी आहे, १९९० पासूनची: माल ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम उचला, व्याज ६ टक्के, मुदत सहा महिने. मी स्वतः दोनदा केलंय. एकदा क्विंटलला साडेपाचशे वाचले. दुसऱ्यांदा भाव आणखी पडला आणि भाडं अंगावर आलं. आणि ज्याची उचल आधीच झालीय त्याचा माल खळ्यावरूनच दुसऱ्याचा झालेला असतो.

शेतीतलं भांडवल सगळ्यात जास्त कशात जातं?

बोअरमध्ये. ट्रॅक्टर निदान विकता येतो.

२०१५-१६ च्या दुष्काळात मी दुसरा बोअर मारला. पाण्याची जागा सांगणाऱ्या पाणाड्यानं नारळ तळहातावर उभा करून जागा दाखवली, तो उभा राहिला, आम्ही सगळ्यांनी पाहिला. रात्री नऊला गाडी लागली. दोनशे फुटांवर ओल लागली, सगळे खूश. तीनशेला बंद. मग दर शंभर फुटांना ड्रायव्हर विचारायचा, थांबू का? आणि कुणी ‘थांब’ म्हणेना, कारण एवढं गेलंय तर पन्नास फूट अजून. सहाशे वीसवर थांबलो. पहाटेपर्यंत नुसती पांढरी धूळ उडत होती, समोरच्या पेरूच्या झाडाची पानं पिठात बुडवल्यासारखी झाली होती. सत्तर हजार. ते पीककर्जाचे होते, म्हणजे मी स्वतः सचिव असून कर्ज भलत्याच कामाला लावलं. ते फिटायला सहा मार्च लागले. दर मार्चला पायरीवर मीही उभा होतो, फक्त आतल्या बाजूला.

मग गाव चालतं कशावर?

दुधावर. गाईचं दूध डेअरीला घालतात, दर दहा दिवसांनी बिल येतं. आमच्याकडं त्याला बिल म्हणत नाहीत, ‘पगार’ म्हणतात. शेती वर्षातून एकदा पैसे देते, गाय महिन्यातून तीनदा. हिशेब मांडला तर पेंड, चारा, डॉक्टर जाऊन गाईत फारसं उरत नाही, कधी तोटाच. तरी बायका गाय विकू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

बायकांकडं आता बचत गट आहेत आणि मायक्रोफायनान्सवालेही आहेत. पहिल्यानं बरंच भलं केलंय. दुसऱ्याचा हप्ता दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला असतो. वर्षातून एकदा येणाऱ्या पैशावर आठवड्याचा हप्ता बसवला की काय होतं, ते ज्या घरात गाय नाही तिथं जाऊन बघा.

मजूर मिळत नाहीत असं सगळे म्हणतात, आणि मजूर तर ऊसतोडीला जातात?

दोन्ही खरं. वर्षाच्या बोलीवर राबणारा सालगडी आता मिळत नाही, मिळाला तर पाडव्याला अर्धं साल आगाऊ मागतो. दसऱ्यानंतर तोडणीवाली कुटुंबं जातात. तोडणीला माणसं नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ आणि हिशेब कोयत्यावर. उचल पावसाळ्यातच खाऊन झालेली असते, मग सहा महिने ती फेडण्यासाठी तोडायचं. शेतकऱ्याचं जे सोसायटीशी, तेच कोयत्याचं मुकादमाशी, फक्त त्याला माफी कधी जाहीर होत नाही. इथली खुरपणी मग मागं राहिलेल्या म्हाताऱ्या बाया करतात. पूर्वी सावड असायची, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, पैसा लागायचाच नाही. आता सावड फक्त तुरीच्या शेंगा तोडताना थोडीफार दिसते.

एकराला पंचवीस लाख भाव आहे म्हणे, मग शेतकरी गरीब कसा?

वरचा हिशेब परत बघा. एकरात १२ हजार सुटतात, त्यात तूर-ज्वारीचे धरून वीस करा. पंचवीस लाख बँकेत टाकले तर वर्षाला दीड लाख व्याज येईल. म्हणजे हा भाव पिकाचा नाही, रस्त्याचा आहे, नाहीतर कुणाच्या तरी वरकमाईचा. विकल्याशिवाय तो हातात येत नाही आणि विकला की शेतकरी उरत नाही. बँकही जमिनीच्या बाजारभावावर पीककर्ज देत नाही.

मी पुण्यात नोकरीला आहे. गावाकडं दोन एकर घेऊ का?

तुम्ही शेतकरी खातेदार आहात का ते आधी बघा. कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. वडिलांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागलं असेल तर प्रश्न नाही. मग फेरफार निदान तीस वर्षांचे काढा, इतर अधिकारातला बोजा उतरलाय का पाहा, बहिणींच्या सह्या आहेत का पाहा, आणि मोजणी करून घ्या.

आणि जमीन बघायला डिसेंबरात येऊ नका. तेव्हा ज्वारी हिरवी असते, हुरडा देतात, सगळंच छान दिसतं. जुलैत या, चांगला पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी. पाणंदीत गाडी जिथं रुतेल तिथं ती सोडा आणि तिथून त्या गटापर्यंत किती पावलं होतात ती मोजा. खताचं पोतं पन्नास किलोचं असतं.